आधी विचारा, पाणी कुठलं?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांनी लिहिलं होतं की घरात आरओ बसवला की पाणी धरणाचं, बोअरचं की टँकरचं हा प्रश्नच उरत नाही, मशीन सगळ्यांना एका रांगेत आणतं. मशीन आणतं हे खरंच. अशाच, पण खोलीएवढ्या मशीनच्या शेजारी माझी सगळी नोकरी झाली. पण ‘प्रश्नच उरत नाही’ हे काही पटलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

वाळूजच्या एमआयडीसीतल्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होतो. आमचे वडील नातेवाइकांत शेवटपर्यंत ‘केमिकल कंपनीत आहे’ एवढंच सांगत. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तेव्हा बिअरच्या केमिस्टचं काम म्हणजे मुख्यतः पाण्याचं काम. माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) कुठलं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कुठले हे खरेदी खातं बघायचं. सकाळी माझ्या टेबलावर पहिली बाटली यायची ती कच्च्या पाण्याची.

हे पाणी पैठणच्या नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं. उन्हाळ्यात ते अपुरं पडलं की टँकर लागायचे. टँकर गेटवर थांबायचा, मी नमुना घ्यायचो आणि निकाल लागेपर्यंत ड्रायव्हर प्रयोगशाळेच्या दारात उभा. नमुन्यात काळ्या पुडीची चिमूट टाकली की पाणी द्राक्षाच्या दारूसारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, ईडीटीए नावाचं द्रावण थेंब थेंब सोडत जायचं. पाण्यातलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याने बांधलं गेलं की एका थेंबासरशी लालाचं निळं होतं. धरणाच्या पाण्याला हा रंग लवकर पालटतो. बोअरच्या पाण्याला ब्युरेट उतरतच जातं. ड्रायव्हर आईची शपथ घेऊन सांगायचा, “साहेब, फिल्टरचंच पाणी आहे,” आणि इकडे ब्युरेट निम्मी रिकामी झाली तरी फ्लास्क लालच. तोही टक लावून बघत असायचा. पुढे पुढे त्यांनाही उमगलं की लवकर निळं झालं तर गाडी आत, नाहीतर मागे. मग गेटवरच खरं सांगायला लागले: अमक्या शिवारातली विहीर, तमक्या फार्महाऊसचं बोअर. पाणी कुठलं हे एकदा कळलं की माझं निम्मं काम झालेलं असायचं, कारण त्यात काय शोधायचं हे ठरायचं.

आता हा फरक येतो कुठून? पावसाचं पाणी मुळात जवळजवळ कोरं असतं. डोंगरउतारावरून वाहत ते थेट धरणात आलं तर खडकातलं फारसं काही घेऊन येत नाही. तेच जमिनीत मुरलं, की मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या फटीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं मुक्काम करतं. त्या मुक्कामात खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम पाण्यात उतरतं, जोडीला बायकार्बोनेट येतं. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड लागतं ते यामुळे. उलट मुंबईकर पाहुणा आमच्या चहाला नाक मुरडतो त्यात सगळाच तोरा नसतो. तानसा-वैतरण्याचं पाणी जंगलातल्या पावसाचं, त्यात चहा मोकळा उतरतो.

आमच्या घरी पाण्याची परीक्षा मी नाही, सौ. करतात. आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाई परिसरात राहतो. इथल्या बहुतेक सोसायट्यांप्रमाणे आमच्या खालच्या टाकीतही सगळं एकत्र होतं: नळ आला तर नळाचं, नाहीतर बोअरचं, आणि वरून टँकर. कुकरच्या शिट्ट्या नेहमीइतक्या होऊनही तुरीची डाळ दाण्याला दाणा राहिली की आतून आवाज येतो, “आज बोअर सोडलंय वाटतं.” यात अंधश्रद्धा काही नाही. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं, कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधतं आणि डाळ मऊ पडत नाही. चिमूटभर सोडा टाकायची आजीची युक्ती याच गाठीवर चालते. चहाचंही तसंच. जड पाण्यात चहाचा रंग काळपट विटकरी होतो, चव बसकी लागते आणि कप थोडा वेळ ठेवला तर वर तवंग धरतो. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर आणि बाथरूमच्या टाइल्सवरचे डाग ही त्याच मंडळींची कामं.

पण एवढ्यावरून बोअरचं पाणी पिण्याला वाईट, असं मी म्हणणार नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतातच. भारतीय मानक, आयएस १०५००, एकूण काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य धरतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. एकूण विरघळलेल्या क्षारांचे तसेच आकडे ५०० आणि २०००. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं की हा मुख्यतः चवीचा आणि भांड्यांचा मामला आहे. पण नायट्रेटचा रकाना बघा. तिथे ४५ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसला तरी सवलत नाही. नायट्रेट चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, डाळ त्यात व्यवस्थित शिजते. ते येतं शेतातल्या युरियातून, शोषखड्ड्यातून, गोठ्यातून. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत असं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे थोडं दाटच होतं. गावाकडच्या, उसाच्या पट्ट्यातल्या किंवा शहराच्या कडेला ड्रेनेज नसलेल्या वस्तीतल्या बोअरवर जे कुटुंब आहे त्याने आधी हे तपासावं. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते.

जंतूंचं तर काय सांगावं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकदम वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय पाण्याकडे गेला. त्या दिवसांत यंत्रणेने, डॉक्टरांनी, पत्रकारांनी पहिला प्रश्न कोणता विचारला? घरात फिल्टर कुठला आहे, हा नव्हे. या घरांना पाणी कोणत्या विहिरीतून येतं, हा. नकाशा काढायचा तर स्रोताचाच काढावा लागतो.

कुणाला वाटेल, म्हणजे धरणाचं पाणी सर्वगुणसंपन्न! तसंही नाही. १९७६ मध्ये लोकार्पण झालेला जायकवाडी प्रकल्प म्हणजे उथळ, पसरट तलाव, साडेतीनशे चौरस किलोमीटरचा. नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून वाहून आलेलं सगळं त्यात येतं. पावसाळ्यात लोंढा आला की पाणी गढूळ होतं, तुरटीची आणि क्लोरीनची मात्रा वाढते, नळाला वास येतो. उन्हाळ्यात पातळी उतरली, पाणी तापलं की शेवाळवर्गातले सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्यामुळे जिओस्मिन नावाचं द्रव्य पाण्यात येतं. बीटला जो मातीचा वास असतो तो याचाच. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. अपायकारक नाही, पण पहिल्या घोटाला ‘पाणी सडलंय का’ अशी शंका येते आणि लोक आरओच्या दुकानाकडे वळतात.

आणि तिथे त्यांची वाट बघत असतो तो दोन कांड्यांचा खेळ. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येही झाला. टेबलावर दोन ग्लास, एक आमच्या नळाचा, एक त्यांच्या आरओचा. दोन धातूच्या कांड्या पाण्यात बुडवून वीज सुरू केली. अर्ध्या मिनिटात नळाच्या ग्लासात तपकिरी-हिरवट गाळ उठला, आरओचा ग्लास स्वच्छ. बायका “अगं बाई!” म्हणाल्या, एक काका चेकबुक आणायला उठले. मी हात वर केला आणि त्या मुलाला म्हटलं, “तुमच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकू का?” नको म्हणायला त्याला कारण नव्हतं. आमच्याच स्वयंपाकघरातलं मीठ टाकलं, कांड्या बुडवल्या, आणि त्याचा आरओचा ग्लास आमच्यापेक्षा काळा झाला. त्यातली एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. घाण पाण्यातली नसून कांडीची असते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून वीज फारशी वाहत नाही, एवढाच चमत्कार. मुलगा बिचारा वीस-बावीसचा होता, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला चहा पाजूनच सोडला, टँकरच्या पाण्याचा.

टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, दाखवणाऱ्या मीटरचंही तेच. तो पेनासारखा मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढं मोजतो. तीनशेचा आकडा दाखवला तर ते तीनशे चुनखडीचे आहेत, मिठाचे आहेत की नायट्रेटचे, त्याला पत्ता नाही. जंतू तर तो मोजतच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं की ज्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी आणा. कारण साधं आहे. घरगुती आरओ एक तांब्या पाणी देताना दोन-तीन तांबे मोरीत सोडतो. जिथे नळ किती दिवसांआड येणार हीच रोजची बातमी, त्या शहरात धरणाच्या पाण्यावर आरओ लावायचा म्हणजे कमाल आहे. त्याला उकळणं किंवा साधा यूव्ही पुरतो. पंधराशे टीडीएसच्या बोअरला आरओ लावला तर मी वाद घालणार नाही. पण मग यंत्राची गरज आहे का हे कशावरून ठरलं? पाणी कुठलं यावरूनच ना?

आता त्या वाचकांच्या पत्रातला दुसरा मुद्दा. त्यांनी जाता जाता टोमणा मारलाय की परदेशात लोक घरी बिअर करतात आणि पाण्याच्या गप्पा मारतात, ते सगळं शौकीनांचं फॅड. इथे मात्र मला माझ्या धंद्याची बाजू घेतलीच पाहिजे. आधी एक खुलासा. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ पासून आहे आणि परवान्याशिवाय घरात बिअर करणं हा गुन्हा आहे, तेव्हा इथे कुणी भांडी चढवू नयेत. इंग्लंडमध्ये मात्र स्वतःपुरती बिअर करायला लागणारा परवाना १९६३ मध्येच रद्द झाला. माझी भाची तिकडे असते, आणि तिला हा नाद आहे. तिच्या आईला हे माझ्यामुळे झालं असं वाटतं. वाटू द्या.

भाची आधी लंडनला होती. तिथे आल्या आल्या तिचा पहिला फोन बिअरचा नव्हता, चहाचा होता. “मामा, चहावर साय येतेय आणि ती दुधाची नाहीये.” लंडनचं पाणी थेम्स आणि ली या नद्यांचं, चुनखडीच्या प्रदेशातून येणारं. लिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या पुढचं काठिण्य, म्हणजे आपलं मध्यम बोअरच. तिकडे जड पाण्याच्या गावांसाठी वेगळा चहा डबाबंद करून विकतात. त्या पाण्यात तिने काळी स्टाउट केली, ती पहिल्याच झटक्यात झकास झाली. फिकी सोनेरी बिअर केली, ती मात्र घशाला खरखरीत, शेवटी तुरट. मग नोकरी बदलून ती मँचेस्टरला गेली. तीच पाककृती, तेच माल्ट, तेच यीस्ट. आणि सगळं उलटं झालं. सोनेरी छान उतरली, स्टाउट पातळ आणि आंबूस. वैतागून म्हणाली, “मामा, माझा हात बिघडला का रे?”

हात काही बिघडला नव्हता. मँचेस्टरला पाणी येतं लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्यांतून. थर्लमीरचं पाणी १८९४ पासून सुमारे दीडशे किलोमीटर निव्वळ उताराने शहरात येतं. डोंगरातला पाऊस, चुनखडी नाही, त्यामुळे पाणी अगदी हलकं. बिअर करताना भरडलेलं माल्ट साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्या वेळी दाण्यातले विकर पिठाची साखर करतात, आणि हे काम नीट व्हायला त्या लगद्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) ५.२ ते ५.६ च्या आसपास लागतो. पाण्यातलं बायकार्बोनेट पीएच वर ढकलतं. फिक्या माल्टकडे त्याला खाली ओढायचं बळ नसतं, म्हणून पीएच वरच राहतो आणि टरफलातला तुरटपणा उतरतो. स्टाउटमधलं भाजून काळं केलेलं धान्य स्वतःच आंबट असतं, ते लंडनच्या बायकार्बोनेटला पुरून उरतं आणि दोघांचं जमतं. मँचेस्टरच्या पाण्यात त्याला सामोरं जायला कुणीच नाही, म्हणून पीएच फार खाली जातो. तिला सांगितलं, स्टाउटला किंचित खाण्याचा सोडा टाक. सोनेरीला थोडं जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घाल, कारण यीस्टला आणि विकरांना थोडं कॅल्शियम लागतंच. लंडनला असतीस तर सोनेरीसाठी पाणी उकळून निवू दे, तळाचा चुना सोडून वरचं निवळ घे, असं सांगितलं असतं.

जुन्या काळी लोकांना पीएच माहीत नव्हता, पण गावच्या पाण्याला कोणती बिअर मानवते हे अनुभवाने कळलं होतं. चेक मुलखातल्या पिल्झेनचं पाणी विलक्षण हलकं, तिथे १८४२ मध्ये सोनेरी पिल्सनर जन्मली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींत जिप्सम, तिथली कडवट पेल एल गाजली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट, तिथे काळी. पुढे दुसऱ्या गावचे ब्रुअर जिप्समची पोती आणून आपलं पाणी बर्टनसारखं करू लागले. म्हणजे फॅड म्हणावं तर दीडशे वर्षांचं आहे.

आणि क्लोरीन! भाचीच्या एका खेपेला औषधांच्या कपाटाचा वास आला होता. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्ट-यीस्टमधल्या फिनॉलला भेटलं की क्लोरोफिनॉल होतं. त्याचा वास इतक्या थोड्या मात्रेत कळतो की अख्खं पिंप ओतून द्यावं लागतं. साधं क्लोरीन पाणी उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून निघून जातं. काही शहरांत क्लोरामाइन वापरतात, ते असं सहज जात नाही, त्याला मेटाबायसल्फाइटची गोळी टाकावी लागते. तेव्हा आपल्या नळाला यांपैकी काय येतं हे आधी ठाऊक हवं. पिण्याच्या पाण्यात मात्र ते क्लोरीन असलंच पाहिजे. नळाच्या तोटीशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम, असं आपलं मानक सांगतं. वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्यांनी, ज्या दिवशी तो अजिबात येत नाही त्या दिवशी जास्त काळजी करावी.

मग आमच्या कारखान्यात काय करायचो? तिथे तो वाचकांचा आरओच होता. आधी सगळे क्षार काढून टाकायचे, मग हवे तेवढे मोजून परत घालायचे. मग पिल्झेन काय नि बर्टन काय, स्विच आणि तराजू आपल्या हातात. त्या अर्थी स्रोत खरंच गौण झाला. पण त्याचं मोल होतं. एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी लागायचं, त्यात आरओने टाकून दिलेलं आलंच. २०१६ च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी कापायचा आदेश दिला, तेव्हा हा हिशेब सगळ्या राज्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याच महिन्यांत मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या लातूरला पाणी जात होतं. पाणी कृष्णेचं, पिणारे मांजरा खोऱ्यातले. तेव्हा लातुरात पाणी कुठून आलं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आज माझ्या सोसायटीत ते कुणालाच माहीत नसतं. माझ्या भाचीने मँचेस्टरच्या घराचा पिनकोड टाकला की काठिण्य किती, क्षारता किती, नायट्रेट किती, कोणत्या भागातलं पाणी, सगळं तिच्या फोनवर येतं. पाणी कंपन्यांना ते जाहीर करावंच लागतं. माझ्या टाकीत काल नळाचं होतं, आज टँकरचं आहे आणि तो टँकर कुठे भरला हे सांगायला ड्रायव्हर बांधील नाही. पाणी जड असलं तर चालेल. मी आयुष्यभर जड पाण्याशीच जमवून घेतलं. पण ते रोज बदलतं आणि बदललेलं कळत नाही, मग घरातली बाई डाळीला किती शिट्ट्या करणार आणि डॉक्टर कुठल्या विहिरीचा नमुना घेणार? मलिक अंबरने १७व्या शतकात या शहरासाठी नहर आणली, तेव्हा निदान आपल्या मोहल्ल्याच्या हौदात पाणी कुठून येतंय हे लोकांना ठाऊक होतं. त्या नहरीचे गोडवे गाणारे जुने लोक अजून आहेत. त्यातलं किती पाण्याचं आणि किती आठवणींचं, हे मी मोजलेलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी हिशेबी आहेत. पालिकेने प्रत्येक जलकुंभावर पाणी कोणत्या स्रोताचं, कुठल्या केंद्रात शुद्ध केलेलं, आणि त्या महिन्याचं काठिण्य, क्षारता, नायट्रेट व उरलेलं क्लोरीन किती, हे फळ्यावर लिहावं. चाचण्या होतातच, आकडे फाइलीत असतात, फक्त फळा हवा. टँकरच्या पावतीवर गाडी भरल्याचं ठिकाण आणि वेळ छापणं सक्तीचं करावं. आज त्या पावतीवर लिटर आणि रुपये एवढंच असतं. सोसायट्यांनी बोअर आणि नळ यांच्या टाक्या वेगळ्या कराव्यात, निदान पिण्याच्या नळापुरत्या. ज्यांची इमारत नवी बांधली जातेय त्यांना यात खर्चही फारसा नाही, प्लंबरला वेळेवर सांगायला हवं एवढंच.

आणि एक विनंती आपल्यालाही. आपण पहिल्या पानावर रोज जायकवाडी किती टक्के ते छापता, आम्ही चहाबरोबर तेच आधी वाचतो. महिन्यातून एकदा त्याच चौकटीत शहरातल्या पाण्याचे हे चार आकडेही छापा. पालिकेने दिले नाहीत तर ‘आकडे मिळाले नाहीत’ असं छापा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मागा.

आपला,
एक निवृत्त ब्रुअरी केमिस्ट
सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर